मालनच्या पाण्यावर सोळा जणांचं मत

६ एप्रिल, सकाळी ७.४०
आमचा जिना झाडणारी मालन काम आटपलं की खालच्या नळावर दोन कॅन भरते आणि लोकलने दिवा स्टेशनला, घरी नेते. तेलाचे रिकामे, पाच लिटरचे. (स्वतः मोजले. प्रत्यक्षात ५.२.) सोसायटीचं पाणी असं नेणं नैतिकदृष्ट्या योग्य का? तक्रार कुणाचीच नाही. म्हणूनच प्रश्न शुद्ध आहे.
मला डिग्री नाही. पण जाहीर विचारविनिमयाची संशोधनपद्धत चार महिने फोनवर वाचून आत्मसात केली आहे. आधी मत घ्यायचं, मग माहिती द्यायची, चर्चा घडवायची, पुन्हा मत घ्यायचं. फरक मोजायचा. डोंबिवलीत हे अजून कुणी केलेलं नसावं.

८ एप्रिल
२४ फ्लॅट, २४ फॉर्म. 'नेऊ दे' २१. 'सांगता येत नाही' ३. विरोधात शून्य. सेक्रेटरी आनंद दामले म्हणाले, मग झालं की हो, कशाला उकरून काढताय? त्यांना समजावलं, हे मत कच्चं आहे, विचार न करता दिलेलं. सुमती म्हणाली, अहो, बाईला पाणी मिळतंय, तुमचं काय जातंय?
पद्धत घरच्यांना कळायला वेळ लागतो.

११ एप्रिल, सायं. ६.१५
माहितीपत्रक तयार. १०.४ लिटर × २६ दिवस × १२ महिने = ३,२४४.८ लिटर. आकडा ठळक केला. लोकांना अचूकता आवडते.
सुमतीचा हट्ट, मालनला सभेला बोलवा. नाही. ती समोर असली की लोक भिडेखातर बोलणार.

१२ एप्रिल
मालनने जिन्यात गाठलं. दादा, नळाचं काय ठरवताय? पोरगी बाळंतपणाला आलीय, आमच्याकडे दिवसाआड वीस मिनिटं पाणी, तेही मातकट. तिला धीर दिला. म्हटलं, माणसं नीट विचार करायला लागली की योग्य तेच ठरवतात. ती म्हणाली, विचार करायच्या आधी पण चांगलीच होती की.
हे नोंदवण्यासारखं नाही.

१३ एप्रिल, सभा
वेळ १०.३०. सुरू ११.१२. हजर १६.
पत्रक वाचून दाखवलं. तिसऱ्या मजल्यावरची संचिता म्हणाली, तीन हजार लिटर? मला वाटलं दोनच कॅन नेते! मी स्पष्ट केलं, दोनच, पण रोजचे. तळमजल्याचे विनीत म्हणाले, आज हिला दिलं, उद्या माझी पोळीवाली पिंप घेऊन येईल. सुमती ताडकन उठली. विनीतभाऊ, दर रविवारी गाडी धुता ती काय गोमूत्राने? विषयांतर होत असल्याने तिला खाली बसवलं. (ती बसली नाही. घरी गेली. फॉर्म भरून.)
निकाल: 'हरकत आहे' १३. 'नेऊ दे' २. एका फॉर्मवर 'चहा कधी?'
शून्यावरून तेरा! एवढा मतबदल मी वाचलेल्या कुठल्याच प्रयोगात नाही. पद्धत यशस्वी.
रात्री फॉर्म पुन्हा मोजले. तेराच.

१५ एप्रिल
नळाला कुलूप. किल्ली सर्वानुमते माझ्याकडे.
मालनने कुलूप एकदा ओढून पाहिलं. सुमतीने घरातून कॅन भरून द्यायची तयारी दाखवली. नको वहिनी, मालन म्हणाली, तुमच्यावर पण मीटिंग घेतील. रिकामे कॅन एकमेकांवर आपटत गेले. चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू येत होते.

१९ एप्रिल
मालन तीन दिवस आलेली नाही. जिना मी झाडला. ७२ पायऱ्या. कुणी विचारलं तर व्यायाम.
कळलं, ती समोरच्या इमारतीत लागली. तिथे पाणी नेऊ देतात. कुणी कुणाला विचारलेलंच नाही. तुलनेसाठी उत्तम नमुना! ३० फॉर्म झेरॉक्स केले. तिथे निकाल नक्की वेगळा येईल. आला की तो दाखवून इथलं कुलूप काढायला लावीन आणि मालनला मीच परत बोलावून घेईन.

२१ एप्रिल, सकाळी ९.२०
समोरच्या गेटमध्ये गेलेलो. मालन नळावर होती. एक कॅन भरलेला, दुसरा अर्धा. तिने माझ्याकडे पाहिलं. मग हातातल्या फॉर्मकडे. नळ बंद केला. अर्धा कॅन तसाच उचलला, पदराआड धरला आणि उभी राहिली. मी जायची वाट पाहत.
म्हटलं, सहज आलेलो.
परत आलो. सुमतीने माझ्या हातातले फॉर्म घेतले, पालथे केले आणि मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याची यादी लिहायला बसली.
साखर २ किलो. केरसुणी १.