प्रथिनाची बाटली मागू नकोस

ती. दादास, पुण्याहून सोमेश्वरचा नमस्कार.

माझं जेवण वेळेवर होतं. फोनवर तू बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो.

आमच्या प्रयोगशाळेतली प्रथिनाची बाटली मी गुपचूप आणावी आणि तुझ्या कंपाउंडर मित्रानं त्यातलं प्रथिन आपल्या अण्णांना टोचावं, हे तुला सुचलं तरी कसं? शरीर रोगाशी लढताना बनवतं तसलं प्रथिन आम्ही जंतूंकडून बनवून घेतो, एवढंच मी दिवाळीत फुशारकीनं बोललो. ते फक्त काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर टाकतात. ‘माणसाला देऊ नये’ हे लेबल बाटलीवर मीच चिकटवतो!

अण्णांचा खोकला महिन्याचा झाला. थुंकीत रक्त दिसतं का? पत्र मिळताच त्यांना जालन्याच्या दवाखान्यात ने. नाहीतर रविवारी मी येऊन वडिलांना पाठीवर घेऊन नेईन आणि तुझ्याशी बिलकुल बोलणार नाही.

वहिनींना नमस्कार.

तुझा रागावलेला धाकटा,
सोमेश्वर