युवराज पान एकोणीसवर

५ जानेवारी, रविवार
निमगाव केतकीला मुलगी पाहिली. स्वराली. बी.कॉम., कॉम्प्युटर क्लासला शिकवते. आत्तापर्यंतच्या मुलींत ही पहिलीच, जिने पगाराआधी वाचनाचं विचारलं. वाचता का, म्हणाली. मी म्हणालो, भरपूर. (राशिभविष्य रोज वाचतो.) लगेच आत जाऊन पुस्तक घेऊन आली. राजघराण्याची प्रेमकथा, युवराजाचं ठरवून केलेलं लग्न. म्हणाली, छोटंच हाय, वाचून झालं की फोन करा, शेवट कसा वाटला सांगा. नंबरही दिला.
होकारच समजायचा. एसटीत दोन पानं झाली. तिकिटाची खूण घातली. मंगळवारपर्यंत फडशा.

७ जानेवारी, मंगळवार
पान नऊ. डेअरीत सेकंड शिफ्ट, माणूस वाचणार कधी? शिवाय युवराज चार पानं नुसता खिडकीत उभा आहे. यात माझी काय चूक?
उद्यापासून पहाटे पाचला उठून वाचन. ठरलं म्हणजे ठरलं.

८ जानेवारी
साडेसातला उठलो. मोबाईलचं चार्जिंग संपलं होतं.

१२ जानेवारी, रविवार
पान एकोणीस. इथे मला या पुस्तकाचं मर्म सापडलं. युवराज लग्न ठरल्यापासून राजकन्येशी अवाक्षर बोललेला नाही, आणि ती त्याच्यासाठी झुरते आहे. म्हणजे मी फोन केला नाही हे किती बरोबर केलं! राजे लोक आपणहून बोलत नसतात.
आईला समजावून सांगितलं. आई म्हणाली, "तू काय राजा हायस व्हय? आरं, पोरगी फोन कर म्हणली ना? मग कर की. आन् आधी म्हशीखालचं शेण काढ."
आमच्या मातोश्री भागूबाईंना साहित्य कळत नाही. शेण काढलं.
संध्याकाळी युवराजासारखं खिडकीत उभं राहून पाहिलं. समोर शेजाऱ्यांची पाण्याची टाकी. भरून वाहत होती, पण मी बोललो नाही.

१९ जानेवारी, रविवार
म्हस्कूआबांचा फोन. स्थळ त्यांनीच आणलेलं. म्हणाले, "मल्हारराव, पोरीकडची मान्सं इचारत्यात. हो-न्हाय काय ते सांगा की." मी म्हणालो, वाचन चालू आहे. आबा म्हणाले, "कशाचं? पत्रिकेचं?" मी खुलासा केला. मग आबा म्हणाले, "बघा बाबा. चौतीस वर्सं झाली तुमाला."
बायोडाटावर एकतीस आहेत. आबांना याची आठवण करून द्यायला हवी होती.

२२ जानेवारी, बुधवार
स्वरालीचा मेसेज. "झालं का वाचून?"
हो लिहिलं आणि खोडलं. शेवट विचारला तर? नाही लिहिलं, तेही खोडलं. एवढं छोटं पुस्तक वाचता येत नाही म्हटल्यावर काय इज्जत राहील? शेवटी युवराजाचा मार्ग धरला. मौन.
तिचा मेसेज मात्र दिवसभर वाचतोय. पुस्तकापेक्षा हेच वाचन जास्त झालं. मुलगी खरंच आवडली आहे. हे इथे लिहायला हरकत नाही.

२६ जानेवारी, रविवार
सुट्टी. आज एका बैठकीत पुस्तक संपवून फोन करणार होतो. झेंडावंदनाला जिलेबी जरा जास्त झाली. जाग आली तेव्हा दिवस मावळला होता.
पुढच्या रविवारी नक्की. ती थांबेल. राजकन्या थांबली आहे.

२ फेब्रुवारी, रविवार
पुस्तक घेऊन बसलो तोच म्हस्कूआबा दारात. स्वरालीची सुपारी फुटली. मोरगावचा मुलगा. आबा म्हणाले, त्यानं बघून गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी फोन केला, म्हणाला मला वाचनाचा कंटाळा हाय, तुमीच गोष्ट सांगा. "पोरगी तासभर सांगत बसली म्हनं."
असंही करता येतं, हे मला कुणी सांगितलंच नाही.
पुस्तक वाचनालयाचं आहे, स्वरालीने परत मागितलंय. मी मोठ्या मनाने तिथल्या तिथे दिलं. म्हणालो, तिला सांगा, पूर्ण वाचलं, शेवटाला डोळ्यांत पाणी आलं. आबांनी पुस्तक पिशवीत घातलं, चहा घेतला आणि गेले.
आईने भाकरी वाढली, वर जास्तीचं तूप घातलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तोच दिवस, जेवणानंतर
एसटीचं तिकीट पुस्तकातच राहिलं. पान एकोणीसवर.