पडद्याची उजवी बाजू

३ ऑगस्ट २००४
ठरले. डिसेंबरात दुर्गाचे वर्षश्राद्ध. त्या दिवशी पाहुण्यांना तिचा तो फोटो दाखवायचा नाही. तो वोटर कार्डावरून मोठा केलेला आहे. त्यात ती तहसीलदाराने दरडावल्यासारखी दिसते. लग्नाच्या फोटोत तर मान खाली. त्यापेक्षा सिनेमाच दाखवू. १९८३ साली टेंभुर्णीच्या बाजारात शूटिंग झाले, तेव्हा दुर्गा माहेरी होती आणि गर्दीत उभी राहिली. पुढे जालन्यात टॉकीजला आम्ही दोघांनी बॉक्समध्ये बसून तो पाहिला. हिरवी साडी, अगदी उजव्या कडेला, आणि काय हसली होती. नक्की आठवते. माझी स्मरणशक्ती ऑफिसात प्रसिद्ध होती.
यात भावनेचा प्रश्न नाही. रेकॉर्ड नीट असावे, एवढेच.

५ ऑगस्ट
गयासोद्दीनच्या लायब्ररीतून व्हीसीडी आणली. बाजार आला. नायक चोरामागे पळतो. मधोमध, बांगड्यांच्या दुकानापुढे, जांभळ्या साडीतली एक बाई आपल्याकडे पाठ करून ढिम्म उभी. उजवीकडे अर्धा खांब दिसतो आणि चित्र संपते. दुर्गा नाही.

६ ऑगस्ट
गयासोद्दीनने समजावले. काका, पिक्चर स्कोपचा हाय, लांबडा. टीव्ही चौकोनी. मंग कंपनी दोन्ही बाजू कापून टाकती. म्हणाला, कडंला असतं कोण, फालतू पब्लिक.
त्याच्याकडे पुन्हा जाणार नाही.

७ ऑगस्ट
गेलो. दुसरी लायब्ररी लांब पडते.

१९ ऑगस्ट
मुंबईला कंपनीकडे अर्ज पाठवला. विषय: चित्रपटातील उजवीकडील माणसे परत मिळणेबाबत. भाषा कडक ठेवली आहे. आठवड्यात उत्तर येईल.

१२ सप्टेंबर
उत्तर नाही. दिल्लीला लिहावे काय?
आज वेगळा विचार केला. टीव्हीच्या काचेभोवतीची प्लॅस्टिकची चौकट चित्राचा थोडा भाग झाकते, हे मी आधीच ताडले होते. दुर्गा त्या चौकटीमागे असणार. चौकट काढली. मेकॅनिक बोलावून आतला स्क्रू फिरवायला लावला. चित्र डावीकडे सरकले, उजवीकडे काळी पट्टी आली. मेकॅनिक म्हणतो, याच्यापुढं काहीच न्हाई. त्याचे ज्ञान बेताचे आहे.
संपत एमआयडीसीतून ड्यूटी करून आला. आण्णा, हे काय करून राह्यले, शॉक बसंल, म्हणाला. बापाच्या तांत्रिक बाबीत मुलांनी पडू नये.

१० ऑक्टोबर
मेहुणी आली होती, झुंबरबाई. शूटिंगच्या दिवशी ती दुर्गासोबत होती. तिला बेत सांगितला. ती म्हणाली, दाजी, ताईची त पाठच आल्ती. क्यामेऱ्याकडं बघायचं न्हाई असं त्या लोकांनी सांगितल्तं, ही बिलकुल वळली न्हाई. हेही म्हणाली की दुर्गा स्वतःच हे सांगून हसायची.
मला कधी सांगितले नाही. सांगितले असेल तर माझे लक्ष नसेल. झुंबरबाईला मोतीबिंदू आहे.

२ नोव्हेंबर
डीव्हीडी मिळाली. कव्हरवर ‘वाइडस्क्रीन’. वर-खाली काळ्या पट्ट्या, मन भरून आले. मग नीट पाहिले. नायकाचे कपाळ गायब, उजवीकडे तोच अर्धा खांब. म्हणजे आधी बाजू कापल्या, आणि लांबट दिसावे म्हणून नंतर डोकी कापली. असली लबाडी आमच्या धान्याच्या मोंढ्यातसुद्धा चालत नाही.
ती पाठमोरी मात्र शाबूत. तिचे काहीच बिघडत नाही. बाई, जरा सरक की बाजूला.

२८ नोव्हेंबर
विजय. गयासोद्दीनच्या मेहुण्याने हैदराबादहून अस्सल डिस्क आणली. पूर्ण स्कोप, काही कापलेले नाही. माझी चिकाटी. आधी पाहणार नाही, सर्वांबरोबरच पाहीन. भीती वगैरे मुळीच नाही.

९ डिसेंबर
वर्षश्राद्ध झाले. जेवणे उरकली. बैठकीत चौकट नसलेला टीव्ही, समोर सगळे नातेवाईक. मी उभा राहून दोन शब्द बोललो. आता उजवीकडे पाहा, म्हणालो.
बाजार आला. या वेळी पहिल्यांदाच खांब पूर्ण दिसला. खांबाच्या पलीकडे मिरच्यांचा ढीग. त्याच्या पलीकडे एक शेळी बांधलेली. चित्र तिथे संपले.
मी डिस्क मागे घेतली. पुन्हा शेळी.
मग झुंबरबाई उठली, टीव्हीजवळ गेली आणि मधोमध बोट ठेवले. दाजी, ही काय. माझीच जांभळी साडी नेसून गेल्ती ताई. परत दिली तवा पदर फाटेल होता.
पाठमोरी.
मी म्हणालो, हिरवी होती. झुंबरबाई म्हणाली, हिरवी तुम्ही घेतल्ती तिला, टाकीजला नेसून गेल्ती. मोतीबिंदू असून तिला सगळे बरोबर दिसते.
बॉक्समध्ये दुर्गा माझ्या उजव्या हाताला बसली होती. बाजार आला तेव्हा पडदा सोडून माझ्याकडे वळली. दिसले का मी, म्हणाली, आणि हसली. मी हो म्हणालो. मी पडद्याकडे पाहतच नव्हतो.
ते हसू कुठल्याही डिस्कमध्ये नाही. आता काय करू, कळत नाही.

१२ डिसेंबर
टीव्हीची चौकट संपतने बसवून दिली. हैदराबादची डिस्क परत केली. गयासोद्दीन म्हणाला, काका, असली माल हाय, ठेवा. मी म्हणालो, तुझी पहिलीच दे, कापलेली. पूर्ण चित्रात मधली माणसे फार लहान दिसतात. कापलेल्यात मोठी दिसतात. हे निव्वळ तांत्रिक कारण आहे.
दुपारी एकट्याने लावली. उजवीकडे तिची खुर्ची ओढून ठेवली होती. बाजार आल्यावर चित्र थांबवले आणि बराच वेळ तिच्या पाठीकडे पाहत बसलो. दिसलीस, म्हणालो.
वळली नाही.