मोराचा डबा

रविवार, ३ मार्च १९५७

ठरलं! आजपासून या घरात भांडार छाप. चहा, साबण, दंतमंजन, खोबरेल – कॉलनीच्या सहकारी भांडारात भांडाराच्या स्वतःच्या नावानं जे जे मिळतं, ते सगळं तिथलंच. नावाजलेल्या कंपन्यांचे डबे बंद. आपण पैसे चहाचे देतो की डब्यावरच्या चित्राचे? हा प्रश्न सकाळी आमच्या उत्तराला विचारला. ती म्हणाली, "डबा नंतर पोह्यांना होतो." बायकोला अर्थशास्त्र शिकवायला जाणं म्हणजे – जाऊ दे.

वाचलेल्या पैशांतून रेडिओचा पहिला हप्ता. पाडव्याच्या आत!

कारण लिहून ठेवतो, इथं कोण वाचतंय. बाबा गेल्यापासून आई दिवाळी ते पाडवा माझ्याकडे मुलुंडला आणि पाडवा ते दिवाळी अण्णाकडे दादरला. ही वाटणी अण्णानं केलेली. थोरला ना तो! बोटं मोजली की कळतं – त्याला सात महिने, मला पाच. आणि वर मलाच म्हणतो, "अर्धं-अर्धं झालं की रे." शिवाय त्याच्याकडे रेडिओ. आई सकाळी भजनं ऐकते, गुरुवारी कीर्तन. इथं आली की पहिले आठ दिवस सकाळी उगाच कोपऱ्याकडे बघत बसते. मला ते बघवत नाही.

या पाडव्याला घरात रेडिओ असेल, आणि आई स्वतःच्या तोंडानं म्हणेल, "मी नाही जात दादरला." मला आई हवी आहे. एवढंच. (अण्णाचं तोंडही बघायचं आहे. तेवढंच.)

मंगळवार, ५ मार्च

अडचण. आईचा चहा!

बाबा गेल्यावर आईनं दोन गोष्टी सोडल्या नाहीत – हातातल्या माहेरच्या पाटल्या आणि मोराच्या डब्यातला चहा. पाटल्या काढ म्हणून सांगायला आलेल्या आत्याबाईंना तिनं दारातूनच वाटेला लावलं होतं. चहा बदल म्हणायची तर कुणाची छातीच झाली नाही. आता तिच्यासमोर भांडाराची खाकी पुडी ठेवायची? वर तो जांभळा रबरी शिक्का! ती काही बोलणार नाही, पण मनात म्हणेल – अण्णाकडे मोर आहे.

तोडगा काढला. डबा मोराचाच, आत चहा भांडाराचा. आई आंघोळीला गेली की पुडी फोडायची आणि डब्यात ओतायची. झकास!

उत्तरा म्हणाली, "आईंना फसवायचं तर तुम्ही फसवा. मी त्या डब्यात एक दाणा टाकायची नाही." बरं झालं. हे खातं माझ्याकडे.

बुधवार, ६ मार्च

आई चहा प्यायली. कप खाली ठेवला. कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "छान झालाय हो," म्हणाली.

मी जिंकलो!!

रविवार, १० मार्च

भांडारात रांग. तिथं उभं राहून एक मजा कळली – भांडार छाप चहा कुणीच स्वतः पीत नाही! पुढच्या बिऱ्हाडातले श्यामसुंदर प्रधान, आयकर खात्यातले, दोन पौंड घेताना मोठ्यानं म्हणाले, "आमच्या कामवालीसाठी." त्यांच्या मागच्या बाई – "आमच्या बाईसाठी हो, आम्हांला नाही चालत." माझा नंबर आला. काउंटरवरचा सहदेव पुडी बांधता बांधता म्हणाला, "तुमच्या पण बाईसाठीच ना?" मी हो म्हटलं. आमच्याकडे बाई नाही.

या कॉलनीतल्या कामवाल्या महिन्याला दोन मण चहा पितात असा हिशेब होतो. झोपतात कधी बिचाऱ्या?

मंगळवार, १२ मार्च

साबणाबद्दल. भांडार स्नान साबण हा उत्तम साबण आहे. फेस येत नाही, पण फेस म्हणजे नुसती हवा. घासलं की अंगाची साल निघते, म्हणजे मळ नक्कीच निघत असणार. माणिकनं – नऊ वर्षांची कार्टी! – तो फरशीवर घासून घर आखलं आणि लंगडी खेळली. आईनं वडी उचलली, वास घेतला, जागेवर ठेवली. 

दंतमंजनानं दात गुलाबी होतात. ऑफिसात साहेबांनी विचारलं, "पान सुरू केलंत वाटतं?"

सिगरेट तेवढी जुनीच आहे. भांडाराची सिगरेट निघत नाही, त्याला मी काय करू? निघाली की पहिला गिऱ्हाईक मी.

सोमवार, १८ मार्च

आजपासून आठ दिवस रजा. मार्चअखेर शिल्लक रजा बुडते, आणि बुडू देणारा मी नव्हे. घरात पायजम्यावर पडून राहिलो. आई दोनदा येऊन गेली.

"आज हापीस नाही?"

"रजा आहे गं."

"बरं."

बुधवार, २० मार्च

आई – "आजही रजा?" मी – "आजही." आई – "जयू, हापिसात सगळं बरं आहे ना रे?" मी म्हटलं, "एकदम मजेत!" आणि मोठ्यानं हसलो. खरं म्हणजे डबा भरून नुकताच बाहेर आलो होतो, बोटांना चहाची भुकटी लागली होती, ती लपवायला हसलो. तिनं बोटांकडे पाहिलं की काय कोण जाणे.

दुपारी जुन्या चपलेला नवा तळ ठोकून घेतला. स्टेशनपासून टांगा बंद केला आहे तेव्हापासून तळ टिकत नाहीत. तरी बचत ती बचतच.

शुक्रवार, २२ मार्च

आईचं जेवण कमी झालंय. दुसरी पोळी घेत नाही. "वय झालं," म्हणते. उत्तराला काळजी. मला वाटतं उन्हाळा. आज तिनं उत्तराला विचारलं म्हणे, "चहाचा डबा कोण भरतं गं?" उत्तरानं सरळ सांगून टाकलं – "तेच भरतात." वाट लागली असती! पण आई लगेच तांदूळ निवडायला बसली म्हणे. थोर बाई. कुठल्याही गोष्टीच्या खोलात जात नाही.

बुधवार, २७ मार्च

रजा संपली, पण आज डोकं दुखत होतं म्हणून गेलो नाही. आई शेजारच्या वनमालाबाईंना घेऊन बाजारातल्या देवळात गेली. सकाळी नऊला गेली ती बारा वाजता परत! एवढी कसली भक्ती? वनमालाबाई माझ्याकडे बघून गोड हसल्या – आजाऱ्याला भेटायला आल्यावर हसतात तसं – आणि म्हणाल्या, "होईल हो सगळं चांगलं." काय होईल? डोकं? ते तर तिसऱ्या प्रहरी थांबलं.

रविवार, ३१ मार्च

आला! रेडिओ आला!!

हमालानं कोपऱ्यात ठेवला. वर उत्तरानं विणलेला रुमाल टाकला. मी बटण फिरवलं. आधी नुसती खरखर, मग एकदम गाणं! माणिक नाचायला लागली. मी आईकडे बघितलं – आई रडत होती. पदर तोंडाला लावून, आवाज न करता.

माझेही डोळे भरून आले. एवढ्या दिवसांचा तो साबण, ते गुलाबी दात – सगळ्याचं चीज झालं.

"आत्ता कशाला रे घेतलास?" एवढंच म्हणाली. आनंदात माणूस असंच काहीतरी बोलतो.

उद्या पाडवा. उद्या ती सांगेल.

सोमवार, १ एप्रिल. गुढीपाडवा

गेली.

सकाळी गुढी उभारली, श्रीखंड झालं, पान उचलायच्या आत आईची ट्रंक दाराशी. मी म्हटलं, "आई, रेडिओ आहे आता. गुरुवारचं कीर्तन लागेल." ती म्हणाली, "तू ऐक हो. मी दादरला जाते. एवढ्याशा घरात माझी अडचण." अडचण! पाच महिने अडचण झाली नाही ती?

अण्णा न्यायला आलेला. माझा रेडिओ पाहून म्हणाला, "लहान आहे, पण आवाज बरा आहे." मी ट्रंक उचलली. बोललो असतो तर सणासुदीला शोभलं नसतं असं बोललो असतो.

जिना उतरताना आईनं माझा हात धरला. तिचा हात मोकळा मोकळा लागला – पाटल्या काढून ट्रंकेत ठेवल्या असतील, गाडीत चोरांची भीती. हळूच म्हणाली, "चहा भांडाराचा आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं रे. डबा बघत जा." आणि गेली!

डबा बघत जा! काय टोमणा! माझ्या आईनं मला मारलेला पहिला टोमणा, आणि तो चहावरून!

आजपासून म्हणे नवे पैसे सुरू. रुपयाचे शंभर. टांगेवाल्यानं अण्णाकडून जुन्या हिशेबानं घेतले की नव्या, देव जाणे. माझ्यापुरतं जुनं वर्षच बरं होतं.

बुधवार, ३ एप्रिल

उघड आहे. मोराच्या चहासाठी गेली. सख्खी आई! मी घरात रेडिओ आणला, पायी चाललो, साल निघेपर्यंत अंग घासलं – आणि ती एका मोरासाठी अण्णाकडे गेली. उत्तरा म्हणते, "तुम्ही कशाला त्यांना फसवलंत? चांगलं तोंडावर सांगायचं होतं, त्या नाही म्हणाल्या नसत्या." नाही म्हणाली नसती? तू ओळखतच नाहीस तिला! मी ओळखतो. तिला चव कळते. माणूस कळत नाही.

हे लिहिलं आणि आता वाईट वाटतंय. खोडत नाही.

रेडिओ लावला होता. कुणीच ऐकत नव्हतं. बंद केला.

गुरुवार, ४ एप्रिल

कीर्तन लागलं. एकटाच ऐकत बसलो. आईची पाटावरची जागा रिकामी. चहा कपातच निवला.

शनिवार, ६ एप्रिल

सकाळी डबा भरायला घेतला. चमचा तळाशी कशात तरी अडकला. हात घातला – जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेली पुरचुंडी. आत दहा-दहाच्या नोटा, छत्तीस. आणि वाण्याच्या कागदावर आईचं ते मोठं मोठं वाकडं अक्षर –

"जयू, पाटल्या मोडल्या. वनमालाबाई सोबतीला होत्या. दुसरी नोकरी लागेपर्यंत पुरवून खा. रेडिओ परत घेत असतील तर देऊन टाक. एक तोंड कमी म्हणून मी जाते, रागावू नको. अण्णाला काही बोललेली नाही. हाही चहा चांगला लागतो."

नोकरी आहे गं आई! साहेबांनी काल पगारवाढ दिली. आता दादरला जाऊन हे कुठल्या तोंडानं सांगू?