धुळा नंबर दोन

२८ ऑक्टोबर १९९९, गुरुवार

आजही नाही!

शरयूताईंच्या इंटरनेटच्या दुकानात दहा ते अकरा बसून आलो. डोळे चुरचुरतात. इंटरनेटवरच्या गप्पांगणात, जिथं माणसं टाइप करून एकमेकांशी बोलतात, तिथल्या सांगलीकरांच्या खोलीत आज चौदा नावं होती. एकानं विचारलं, वय काय, बाई का बाप्या? मी लिहिलं, पासष्ट, बाप्या. पळालाच!

या चौदांत माझी लेक दीक्षा असेल का? कसं कळावं? विट्याची साक्षी, तिची कॉलेजातली मैत्रीण, दसऱ्याच्या आधी स्टँडवर भेटली. म्हणाली, "काका, दीक्षा परदेशातनं त्या खोलीत येते कधीमधी. पण नाव रोज वेगळं घेते." पत्ता, फोन काही सांगेना. शपथ घातलीय म्हणे.

मी मात्र रोज एकच नाव घेतो. धुळा.

३० ऑक्टोबर

नवीनच भानगड. पडद्यावर इंग्रजीत नोटीस आली, शरयूताईंनी वाचून दाखवली. आजवर कसं होतं – आत शिरताना जे नाव टाकाल ते तुमचं, बाहेर पडलं की मोकळं. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं. आता तसं चालणार नाही. एक नाव, एकच मालक. आधी येईल त्याचं. त्याला खुणेचा शब्द, म्हणजे कुलूपच. नोंदणी पाच नोव्हेंबरपासून, आणि एक डिसेंबरनंतर बिननोंदणीच्या माणसाला आत घेणार नाहीत.

शरयूताई म्हणाल्या, "काका, तुम्हाला आधी ई-मेल काढावा लागेल. दिवाळीत मी माहेरी चालले, आल्यावर करू."

"तोवर कुणी नेलं तर?"

त्यांचे सासरे विष्णुपंत पेपर वाचत बसले होते. ते हसले. "अहो राजरत्न, धुळा हे नाव कोण पळवतंय? तुम्ही स्वतःच टाकून दिलंत की!"

मीही हसलो. खरंच, कोण घेणार?

५ नोव्हेंबर

दुकान आजपासूनच बंद. कुलूप बघून परत आलो.

८ नोव्हेंबर, सोमवार

सगळीकडे फटाके. माझी बायको, बायडा, अजून बोलत नाही. आज एकदाच बोलली – "आदी लेकीला हाकलायची, मग काचंत हुडकत बसायचं. लय शाने तुमी."

खरं तेच बोलली.

इथं तरी सगळं लिहितो. जन्मलो तेव्हा बापानं नाव ठेवलं धुळा. उंब्रजच्या बाजूला आमचं गाव. तिथं पोरंटोरंसुद्धा हाक मारायची, ए धुळ्या, ढोर ओढायला ये! छप्पन साली नागपूरहून आलो ते नाव बदलूनच. राजरत्न. शाळा नव्हती. डेपोत पेंटरच्या हाताखाली लागलो आणि गाड्यांच्या पाट्या रंगवत रंगवत अक्षरं शिकलो. शिराळा, विटा, कराड. पुढं इंग्रजीही तशीच, पाटीवरून. हजेरीपटावर स्वतःचं नाव मीच पहिल्यांदा लिहिलं. मुलगी झाली, तिचं नाव दीक्षा ठेवलं. का ठेवलं ते सांगायला नको.

धुळा हे नाव मग फक्त तिच्या-माझ्यात उरलं. झोपवताना गोष्ट सांगायचो – एक होता धुळा, त्याला नदीत मगर भेटली. धुळा, धुळा, अजून एक धुळाची! म्हणायची.

मोठी झाली, वाईच्या निमिषशी लग्न ठरवलं. जातीचं मी काही काढलं नाही. पोरगा सरळ, कॉम्प्युटरवाला. लग्नात त्यांनी ताटात तांदूळ पसरले आणि अंगठीनं त्यात तिचं नवं नाव लिहिलं. अश्लेषा. आणि ही हसत होती!

माझ्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. न जेवता उठून आलो. आठ दिवसांनी दोघं सांगलीला आली, परदेशी जायच्या आधी पाया पडायला. मी दारात. तिनं विचारलं, "आप्पा, जेवला का?" लहानपणापासून मी डेपोतून आलो की हेच विचारायची, हाताला रंग तसाच असायचा.

मी म्हणालो, "दीक्षा मेली. तुम्ही कोण?"

निमिषनं तिला हाताला धरून नेलं. त्याला दोन वर्षं पाच महिने झाले. वाईला जाऊन आलो, तर व्याही म्हणाले, "सूनबाई नको म्हणते, आम्ही पत्ता कसा देऊ?"

म्हणून धुळा. राजरत्न दिसला तर ती पळेल. धुळा दिसला तर कदाचित थांबेल.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

नेलं! नाव गेलं!

शरयूताईंनी ई-मेल काढून दिला, नोंदणीला बसलो. मी एकेक अक्षर दाबलं. लाल ओळ आली. हे नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं आहे. मला वाटलं, माझंच बोट चुकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

शरयूताईंचं तोंड एवढंसं झालं. "काका, माझं चुकलं हो. माहेरी जायच्या आधी करायला हवं होतं."

त्यांचं काय चुकलं? त्या नावाला कुणी हात लावणार नाही असं मलाच वाटलं ना! पासष्ट वर्षांत कुणाला नको होतं ते.

आता तिथं कोण बसलंय? एखादा टवाळ असेल. दीक्षा येईल, धुळा बघेल, आप्पा म्हणेल – आणि तो तिला काय काय बोलेल! आणि तिला वाटेल, बापच बोलतोय.

दोन घास पोटात गेले नाहीत.

१५ नोव्हेंबर

कंपनीला पत्र लिहिलं. चार कागद फाडले, पाचवा ठेवला. ‘साहेब, हे नाव माझं आहे. जन्मापासूनचं. मीच ते टाकलं होतं, आता मला परत पाहिजे. मालकी दाखवायला कागद नाही, कारण या नावाचा कागद कुणी करतच नव्हतं.’ शरयूताईंनी त्याचं इंग्रजी केलं. टाइप करताना मध्येच थांबल्या आणि पाणी प्यायला आत गेल्या.

ज्या नावातून सुटायला उभा जन्म घातला, तेच मी हात जोडून मागतोय. बाप असता तर काय म्हणाला असता?

१९ नोव्हेंबर

उत्तर आलं. दिलेलं नाव काढून घेता येत नाही. धुळा१, धुळा२, धुळा९९ शिल्लक आहेत, आवडेल ते घ्या.

आवडेल ते!

२० नोव्हेंबर

बायडा म्हणाली, "आवं, त्या नाव घेतलेल्या माणसालाच सांगा की. माणूसच असंल न्हवं त्यो?"

हिला अक्षर येत नाही. आणि मला एवढं सुचलं नाही!

२४ नोव्हेंबर, बुधवार

घेतलं धुळा२. माझ्या नावाचा मीच नंबर दोन.

नव्या व्यवस्थेत एक बरं आहे. माणूस खोलीत नसला तरी नावावर निरोप ठेवता येतो. इंग्रजी अक्षरांत मराठी, दीड तास लागला. जसं लिहिलं तसं इथं उतरवतो.

‘बाबा रे, तू कोण आहेस मला ठाऊक नाही. नाव घेतलंस, घे. भांडत नाही. पण या नावावर माझी लेक येईल. तिला मी मेली म्हणालो. ती मेली नाही, माझीच अक्कल मेली होती. मी माझं नाव माझ्या मर्जीनं बदललं, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. तिनंही तिच्या मर्जीनं बदललं असेल. मी विचारलंसुद्धा नाही. ती आली तर तिच्याशी वाईट बोलू नको. एवढं सांग की स्वतःला अश्लेषा म्हणव, काय वाटेल ते म्हणव, आप्पा सांगलीत रोज दहा वाजता बसलेला असतो.’

शरयूताईंना वाचू दिलं नाही.

२५ नोव्हेंबर

काही नाही.

२७ नोव्हेंबर

नाही. विष्णुपंतांनी आज थट्टा केली नाही, चहा सांगितला. त्यानं जास्तच वाईट वाटलं.

१ डिसेंबर, बुधवार

आजपासून नवा नियम. खोलीत नऊच नावं, सगळी कुलपातली. आमच्या शिराळ्याच्या नागपंचमीच्या गाड्या आठवल्या. केवढी गर्दी! एवढीशी दीक्षा, मी तिला खिडकीतून आत सोडायचो. आतून ओरडायची, आप्पा, जागा धरली! मग मला कितीही उशीर होवो, त्या बाकावर ती कुणाला टेकू द्यायची नाही. मोठ्या माणसांशी भांडायची.

आता मीच खिडकीबाहेर.

निरोप वाचल्याची खूण आज दिसली. वाचलाय! उत्तर नाही. हसला असेल, दुसरं काय.

३ डिसेंबर

बायडाला म्हणालो, उद्यापासून जात नाही. ती म्हणाली, "जावा. घरात बसून माझं तोंड बगण्यापरास काच बगा."

४ डिसेंबर, शनिवार

दहा वाजून वीस मिनिटं. धुळाचा निरोप. शरयूताईंना म्हणालो, मोठ्यानं वाचा, मला अक्षरं दिसेनात.

‘आप्पा, जागा धरून ठेवलीय. पहिल्याच दिवशी धरली. जेवला का?’

मी लिहिलं – न्हाई अजून. तू?