वरच्या कुरणाचं फाटक

प्रिय थेल्मा,

मी काढलेला तुझा फोटो छापून पाठवलास, तो मिळाला. चाळीस वर्षांनी कॅनडाहून बहिणीकडे आलीस आणि डोंगरभर हुंदडलीस. वरच्या कुरणाचं फाटक उघडं दिसताच धावत जाऊन लावलंस. "बघ, बाबांची शिकवण विसरले नाहीये! अगं, फोटो काढ की!"

अर्धीच लक्षात राहिली गं. फाटक जसं दिसेल तसंच ठेवायचं. उघडं असेल तर उघडंच. मेंढ्यांचं पाणी खालच्या कुरणात होतं. मला कळत होतं, पण तुझा चेहरा इतका फुलला होता, की म्हटलं, चहानंतर गुपचूप उघडून येईन. गप्पांत विसरले.

तीन दिवस कडक ऊन होतं. कंबर धरल्यामुळे क्लिफर्ड वर गेलाच नाही. तू विमानात बसलीस त्या सकाळी गेला, तर फाटकाशी सात मेंढ्या मरून पडलेल्या. "कुठल्या शहरी गाढवानं लावलं हे?" म्हणत तुझा मेहुणा ढसाढसा रडला. मी नुसती मान हलवली.

पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येतेस म्हणे. तुला कसं सांगू? त्याला तरी कसं सांगू? हेही पत्र ड्रॉवरमध्येच जाईल.

फोटो त्यानंच शेकोटीवरच्या फळीवर मांडलाय. "थेल्मा काय खूश दिसते गं!" म्हणाला. फाटकाकडे त्याचं अजून लक्ष गेलेलं नाही.

तुझीच,
एव्हरिल