बोयावरची मूठ

३ तारीख, सोमवार
आज कामावर रुजू झाले. खोली छान उजेडाची आहे, खिडकीतून बंदराचा धक्का दिसतो. काम सोपं. खोल समुद्रात साखळीने बांधलेला तरंगता बोया पाण्याचं तापमान पाठवतो. ते पडद्यावर बघायचं, बरोबर वाटलं तर मान्य करायचं. साहेबांनी दोनदा समजावलं. मी घरीच वाचून शिकलेली बाई, त्यांना शंका येणारच.

आमचे हे याच बोयावर पाणबुडे होते. दोन वर्षांपूर्वी उतरले ते वर आले नाहीत, सापडलेही नाहीत. त्यांच्या जागी मला ही नोकरी. पाण्यात उतरायचं काम आता धाकटे दीर करतात. भाऊजी बिस्किटांचा पुडा घेऊन आले आणि म्हणाले, वहिनी, आता तुमच्या हाताखाली आलो, सांभाळून घ्या.

५ तारीख
दुपारी काम नसलं की पुस्तक वाचते. चष्मा नाकावर घसरतो. हे मागून येऊन एका बोटाने वर सरकवायचे. अजूनही मी जरा वेळ तसाच राहू देते, मग आपणच सरकवते.

७ तारीख
पाणी रोज सत्तावीस अंश असतं. आज चौतीस. भाऊजी हसले. समुद्राला ताप आलाय वहिनी, कपाळावर घड्या ठेवा, म्हणाले.

मला मात्र हा आकडा माहीत आहे. यंत्र चालतंय का हे बघायला पाणबुडे हातमोजा काढून त्याची पाण्याखालची, तापमान मोजणारी कांडी मुठीत धरतात. मग आकडा चौतिसापर्यंत चढतो. हे म्हणायचे, चढला की समजायचं, मी पोचलो.

आज कोणीच उतरलं नव्हतं.

१० तारीख
अजून चौतीसच. साहेब म्हणतात, कांडी बिघडली, माणूस पाठवा. माणूस म्हणजे भाऊजी, आणि सही माझी. केली. फार काही वाटलं नाही. दोन वर्षांत कशाचंच काही वाटलेलं नाही.

११ तारीख
भाऊजी उतरले. धाकटी जाऊ माझ्याशेजारी बसून होती, नखं खात. ते वर आल्याचं कळलं तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. कांडी ठीक आहे, पाणी गारच आहे, असं त्यांनी सांगितलं.

जाताना मला हाक मारली. वहिनी म्हणाले नाहीत. अगं म्हणाले.

बोट धक्क्याला लागली तरी पडद्यावर चौतीस.

१३ तारीख
जाऊ रडत आली. ताई, यांचं अंग गार पडलंय, ताप बघितला तर पारा हललासुद्धा नाही, म्हणाली. स्वतःच्या घरात त्यांना दिव्याचं बटण सापडत नाही. सारखे उठून माझ्या घराकडे चालू लागतात.

तिला पाणी दिलं. पडद्यावर तेहतीस. तिकडे कोणीतरी अजून धरून आहे.

१४ तारीख
एकतीस. साहेब खूश. आपोआप सुधारतंय, सत्तावीस झालं की मान्य करून टाका, म्हणाले.

पलीकडच्या बंदरावरून दुसरा पाणबुड्या बोलावता येतो. माझी सही पुरते.

१५ तारीख
एकोणतीस. सही केली नाही.

भाऊजींच्या चेहऱ्याने तो दारात उभा होता. मला वहिनी म्हणा, म्हटलं. नुसता हसला— मान तिरकी करून— हे हसायचे तसा.

१६ तारीख
अठ्ठावीस. मध्येच तीस— पुन्हा अठ्ठावीस. मूठ आवळतायत भाऊजी. जीव आहे अजून.

जाऊ खाली धक्क्यावर उभी आहे. पेन माझ्या हातात. सही केली तर भाऊजी वर येतील— आणि मग हे परत खाली—

जिन्यावर पावलं. ओली. ओळखीची.

चष्मा घसरलाय. मी तसाच ठेवलाय.

मागून बोट— गार— किती गार— आणि मी पेन